केस येईपर्यंत

आमच्या मागीलदारचं कलम यंदा लवकर मोहरलं. सकाळी तोंड धुवायला मागे गेलो आणि तो उग्र, गोडसर, थोडासा कुबट वास एकदम नाकात शिरला. रत्नागिरीकडे ह्या वासाने कोणाला आंबा आठवतो, बागायतदाराला फवारणी आठवते, मुंबईच्या चाकरमान्याला सुट्टी आठवते. मला कोंडा आठवतो. डोक्याला खाज सुटते, हात आपोआप वर जातो आणि अर्ध्या वाटेत थांबतो. आता खाजवायला काही हरकत नाही, कोणी मनाई केलेली नाही, तरी थांबतो.

दोन वर्षं होतील त्याला. थंडी अशीच होती. पहाटे डोंगराकडून खाली येणारा मतलई वारा खाडीवर जायचा आणि वाटेत माझं डोकं कोरडंठाक करून जायचा. मी पडवीत खांबाला टेकून बसलेलो असायचो, मान ताठ, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. हात मोकळे राहिले की डोक्याकडे पळायचे. तो सगळा मोसम मी स्वतःचे हात सांभाळण्यात घालवला असं म्हटलं तरी चालेल.

माझं रत्नागिरीत चष्म्याचं दुकान आहे. अशा दुकानात मालापेक्षा आरसे जास्त. गिऱ्हाईक फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशात बघतं तेव्हा त्याच्या खांद्यामागे मी उभा असतो. गिऱ्हाइकाला स्वतःचं नाक दिसतं, मला माझं टक्कल. समोरून दिसायचं, बाजूने दिसायचं, आणि कोपऱ्यात एक तिरका आरसा आहे त्याच्या कृपेने मागूनही. पंचविशीत केस विरळ झाले, तिशीत कपाळाने हद्द ओलांडली, आणि चाळिशीत कानांवरचं आणि मागचं कुंपण तेवढं राहिलं. लोक म्हणायचे, ‘शेट, दुकानात ट्यूबलाइट कशाला लावता?’ मीही हसायचो. टकल्या माणसाला हसावंच लागतं. तो हसला नाही तर लोकांना कळतं की त्याला लागलं.

मुली बघायच्या वयात केस गेले, की केस गेल्यावर मी मुली बघायला निघालो, हे आता नीट आठवत नाही. लग्न राहिलं ते राहिलंच. धाकटा भाऊ मुंबईला, त्याचा संसार तिकडे. मी दिवसभर रत्नागिरीत आणि संध्याकाळी पूर्णगडला, आईपाशी. तेव्हा पंचेचाळिशीला आलेल्या माणसाने केस लावून घ्यायचे ते कोणासाठी, हे डॉक्टरांनी मला विचारलं नाही, मीच मला विचारलं. उत्तर आलं की कोणासाठी नाही. दिवसभर आरशात जो माणूस दिसतो, त्याच्याशीच काय ती माझी रोजची गाठ उरली होती. तो जरा बरा दिसावा, एवढीच इच्छा.

आता आईचं सांगायला हवं, कारण त्या केसांची गोष्ट शेवटी आईचीच झाली.

आई तोवर मला ओळखेनाशी झाली होती. एकदम नाही. आधी माझं नाव हरवलं, मग नातं. कधी मी तिचा दीर असायचो, कधी बँकेतला साहेब, बहुतेक वेळा नुसताच ‘अवो’. मी जेवायला वाढलं की ‘तुमी कशाला तरास घेताव’ म्हणून संकोचायची. चष्मा मीच करून दिलेला, नंबर अगदी बरोबर, दिसायचं तिला लख्ख. पण दिसणं आणि ओळखणं ह्यात दुकानात न मिळणारी एक काच असते.

बाबा मात्र तिला पक्के आठवत. बाबा तांडेल होते, जन्म होडीवर गेला. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण आईच्या लेखी ते दर्यावर होते. भरतीला येतील. पहाटे खाडीत इंजिनाची टकटक वाजली की ती अंथरुणात उठून बसायची आणि पदर सारखा करायची. सुरुवातीला मी तिला खरं सांगायचो. मग सोडून दिलं. जिचा नवरा रोजच्या भरतीला परत यायचा आहे, तिला कशाला पुन्हा पुन्हा विधवा करा? ती वाट बघण्यात सुखी होती. मी चपलांचा आवाज न करता त्या सुखाच्या कडेकडेने वावरायचो.

शेजारच्या शेवंतीवहिनी दिवसा आईकडे बघतात. त्यांना सांगितलं की फ्रेमांचा माल बघायला कोल्हापूरला जातोय, मुक्काम पडेल. वहिनी म्हणाल्या, ‘जावा, जावा. येताना गूळ आना.’ आणि मी गेलो तो केस लावणाऱ्या दवाखान्यात. तिथे त्यांनी डोकं सगळं भादरलं, मागच्या कुंपणातला एकेक केस मुळासकट काढला आणि पुढच्या माळरानावर एकेक करून लावला. अर्धा दिवस पालथा, अर्धा दिवस उताणा. डॉक्टर मोठ्या हौसेने ‘ग्राफ्ट’ म्हणजे काय ते समजावत होते. रत्नागिरीच्या माणसाला कलम कसं बांधतात ते सांगत होते! मी ऐकून घेतलं. मग हातात सूचनांचा कागद आला. डोक्याला हात लावायचा नाही, खाजवायचं नाही, तेल नाही, ऊन नाही, घाम नाही, उशी उंच. खपल्या पडतील, घाबरू नका. मग लावलेले केसही गळतील, तेव्हाही घाबरू नका. मुळं आत राहतात.

एवढं सगळं त्या कागदात होतं. आपल्याकडे भादरलेल्या डोक्याचा अर्थ काय होतो, ते मात्र नव्हतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांना ते सुचणं शक्य नव्हतं, आणि मला सुचलं नाही म्हणजे कमालच झाली.

सुचलं ते परतताना, हातखंब्याच्या नाक्यावर. गाडी थांबली म्हणून चहाला उतरलो. दवाखान्याने दिलेली सैल टोपी जरा मागे सरकली होती. टपरीवाल्याने माझ्याकडे बघितलं, गाण्याचा आवाज बारीक केला आणि खालच्या सुरात विचारलं, ‘कोन गेलं?’ मी म्हटलं, कोणी नाही. त्याने मान हलवून चहा पुढे केला. त्याला वाटलं माझ्याने बोलवत नाही. मोठ्या पुरुषाचं डोकं आपल्याकडे दोनच कारणांनी भादरलं जातं, तिरुपती नाहीतर आईबाप. तिरुपतीहून आलेला माणूस हसत असतो आणि प्रसाद वाटतो. माझ्या हातात नुसता गूळ होता.

तरीही आईचा विचार मनात आला नाही. जी मलाच ओळखत नाही, ती माझं डोकं काय ओळखणार!

घरी पोचलो तेव्हा ती पडवीत बसली होती. मी टोपी काढली, कारण टोपीच्या आत दमट उकाडा होता आणि टाळूला घाम चालणार नव्हता. तिने वर बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा हात गळ्याकडे गेला. तिथे मंगळसूत्र नव्हतं, कित्येक वर्षांपासून नव्हतं, पण ते नाही हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

‘विनू,’ ती म्हणाली, ‘कदी गेले रे ते?’

दोन वर्षांत तिने माझं नाव घेतलं नव्हतं. त्या एका वाक्यात मला माझं नाव परत मिळालं आणि बाबा पुन्हा गेले. खरं सांगायचं तर आधी आनंदच झाला. दुःख मागाहून आलं, लाजत.

मी घाईघाईने म्हटलं, ‘नाय गं आई, बाबा दर्यावर गेलेत.’

‘मग डोकी कशापायी केलीस?’

‘केस लावून घेतले.’

‘केस काय भाताचं रोप हाय काय, लावून घ्यायला?’ ती रडता रडता चिडली. ‘आवशीला फसवतंस? माला कळता सगळा.’

तोवर शेवंतीवहिनीही माझ्या डोक्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांना नंतर स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, हसू आवरायला की रडू, ते मी विचारलं नाही. मग म्हणाल्या, ‘विनूभावोजी, टोपी घालून बसा. केस येईपर्यंत काडू नका.’ तोडगा सरळ होता म्हणून मी मानला आणि तिथेच चुकलं. आमच्याकडे बारावं-तेरावं झालं की सोयरे येऊन मुलाच्या भादरलेल्या डोक्यावर टोपी ठेवतात. दुखवट्याची टोपी. आईने मला टोपीत बघितलं आणि उरलीसुरली शंकाही फिटली. ‘तुज्या मामान् घातली काय टोपी?’ असं विचारून ती नव्याने रडायला बसली.

तेव्हापासून रोज सकाळी बाबा जायला लागले.

रात्री ती विसरायची. पहाटे खाडीत इंजिन वाजलं की पदर सारखा करून उठायची, तोंडावर वाट बघण्याचा तोच जुना उजेड. मग मी चहा घेऊन यायचो आणि तिची नजर माझ्या डोक्यावर जायची. मी तिच्यासमोर जायचंच टाळून बघितलं. वहिनींकरवी चहा पाठवला. तर ती वहिनींना म्हणाली, ‘आत कोन हाय? त्याला भायेर येऊ दे.’ घर किती मोठं असतं? माझं डोकं लपेल एवढं ते नव्हतं.

पण त्या दुःखातही तिला सगळं आठवत होतं, हे विलक्षण होतं. चहात साखर किती घालायची ते न आठवणारी आई सुतक बिनचूक पाळत होती. वहिनींनी फोडणी दिली की नाक वर करून म्हणायची, ‘अगो, ह्या घरात सुतक हाय.’ जवळ्याचं कोलीम करू दिलं नाही, सुकी मासळी भाजू दिली नाही. नुसता भात, अळणी आमटी. मला म्हणायची, ‘तेल लावू नको हां डोक्याला.’ डॉक्टरांनी फोनवर विचारलं, तेल लावत नाही ना? मी म्हटलं, अजिबात नाही, घरी सक्त मनाई आहे. डॉक्टर खूश झाले.

डोकं मात्र तेलासाठी तडफडत होतं. खपल्या सुटू लागल्या होत्या. आधी तांबूस, मग पांढऱ्या, मग नुसताच भुगा. रोज न्हाणीघरात कोमट पाणी तांब्याने हळूहळू ओतायचं, लहान मुलाचा शॅम्पू बोटांच्या गादीने थोपटून लावायचा, नख लागू द्यायचं नाही. आपल्याच डोक्याशी इतक्या मायेने वागायची मला सवय नव्हती. पंचा डोक्यावर टेकवून उचलला की त्यावर खपल्या दिसायच्या, आणि प्रत्येक खपलीत एक बारीकसा काळा केस रोवलेला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा सगळं धुऊन गेलं असं वाटलं. कागदात लिहिलेलं होतं, पण लिहिलेलं वाचणं वेगळं आणि आपल्या पंचावर बघणं वेगळं.

त्याच दिवसांत मागीलदारी मोहर गळत होता. खालची जमीन पिवळट भुग्याने भरायची. वहिनी केरसुणीने तो ओढायच्या आणि पडवीत माझ्या खुर्चीखालचाही भुगा ओढायच्या. ‘दोगांची सारकीच गळ लागलीय,’ म्हणायच्या. त्यांची थट्टा मला बरी वाटायची. दिवसात माझ्याशी थट्टेने बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

एका सकाळी गंगारामनाना आले. बाबांच्या होडीवर त्यांनी बरीच वर्षं काढली. आता गुडघे गेलेत, काठी लागते. त्यांना कोणीतरी सांगितलं असणार की विनूचं डोकं भादरलंय. बाबा तर कधीच गेले, तेव्हा राहिलं कोण? आई. नाना अंगणात आले, काठी भिंतीला लावली, मला काही न विचारता पडवीच्या पायरीवर बसले. दुखवट्याला भेटायला आलेला माणूस बोलत नाही, नुसता बसतो. मला वाटलं, चष्म्याचं काही असेल. आम्ही दोघे खाडीकडे बघत बसलो. शेवटी ते म्हणाले, ‘फार हाल झाले काय रे?’ मी म्हटलं, ‘थोडी खाज येते.’

नाना चमकून माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात आतून आई आली, हातात पाण्याचा तांब्या. नानांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ज्या बाईच्या मरणाला भेटायला आले, तीच समोर पाणी घेऊन उभी! त्यांचा हात आपोआप काठीकडे गेला.

आई म्हणाली, ‘तुमाला कळला ना, नाना? हे गेले.’

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली. आता हा माणूस काहीतरी बोलून बसणार, ‘अवो वयनी, मी खांदा दिला त्याला वर्षं झाली,’ असं काहीतरी. नाना उठले. त्यांनी आईच्या हातातला तांब्या घेतला, दोन घोट पाणी प्याले.

‘कळला वयनी,’ ते म्हणाले. ‘कळला म्हनून तर इलो. मोटा मानूस व्हता.’

‘दर्यात काय तरास झाला नाय ना त्यांना?’

‘नाय. घरात गेला. तुमी व्हताव जवळ.’

‘मी व्हत्ये?’ आईने विचारलं. तिचा चेहरा जरा निवला. ‘मग बरा झाला.’

मी उठून विहिरीकडे गेलो. इतके दिवस मी तिला ‘बाबा गेले नाहीत’ असं पटवत होतो. ती जवळ होती, हे तिला सांगावं, हे मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिने विचारलं की मी तेच सांगायला लागलो. घरात गेले. तू होतीस जवळ. ती रडायची, पण लवकर थांबायची.

आणि मग ती माझी समजूत काढायची. संध्याकाळी मला जवळ बसवायची. डोक्याला हात लावायचा नाही हे तिला का कोण जाणे पाठ होतं. ती पाठीवर हात ठेवायची. शर्टावर पडलेला कोंडा बोटांनी एकेक करून टिपायची. म्हणायची, ‘विनू, जीवाला लावून घेऊ नको. बापूस कोनाला जन्मभर पुरत नाय. मी हाय ना.’ आपल्या पानातला भात माझ्या पानात लोटायची. लहानपणी मी पाचवीत नापास झालो होतो ते तिला आठवलं, मला कुत्रा चावला होता तो पाय आठवला, माझं लग्न झालं नाही हेही आठवलं. ‘तुज्यासाठी पोरगी बगायला पायजे, सुतक फिटू दे,’ म्हणायची. मी हो म्हणायचो. तिचा हात पाठीवर असेपर्यंत मी हलायचो नाही. पाय बधिर व्हायचे, डास चावायचे, टाळू आगीसारखी खाजायची, तरी नाही.

सकाळी तिचा नवरा जात होता आणि संध्याकाळी माझी आई येत होती. एकाच्या बदल्यात एक. मी केस यायची वाट बघत होतो, कारण केस आले की तिची रोजची मरणयात्रा थांबणार होती. आणि त्या संध्याकाळी मला वाटायचं, इतक्यात नको येऊ देत.

शिमगा आला. पालखी घरोघर फिरते, वर्षातून एकदा देव आपल्या दारी येतो. अंगण सारवावं लागतं, ओटीचं सामान काढावं लागतं. वहिनींनी शेण आणलं, तर आईने त्यांना अडवलं. ‘सुतकात देव घेतात काय गो?’ मी गावकऱ्यांना खरं काय ते सांगू शकलो असतो. पण मग देव अंगणात, ढोल अंगणात, आणि आई आत सुतक मोडलं म्हणून ऊर बडवणार. मी मानकऱ्यांना जाऊन सांगितलं, यंदा आमच्याकडे नको. का, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि विचारलं नाही.

पालखी शेजारी वहिनींच्या अंगणात नाचली. मी मधल्या दगडी गडग्याच्या ह्या बाजूला उभा राहून हात जोडले. गुलालाने माखलेली तोंडं, ढोलाचा दणका, कोणी पोरगं माझ्याकडे बघून हात करत होतं. देव गडग्याच्या पलीकडूनच पुढच्या घरी गेला. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. पाठीमागे दार लोटून घेतलेल्या अंधारात आई बसली होती. मी आत गेलो तेव्हा तिने विचारलं, ‘गेली काय पालखी? पुडच्या वर्साला येईल हां. रडू नको.’ मी रडत होतो हे मला तेव्हा कळलं.

मग उन्हं तापली. आंबे उतरले, पेट्या भरल्या, रस्त्यावर ट्रक लागले. माझ्या टाळूवर आधी काहीच नव्हतं, गुळगुळीत कातळ. मग एक दिवस दुकानातल्या त्या तिरक्या आरशात सावली पडल्यासारखं दिसलं. बोट फिरवलं तर खरखरलं. मिरगाच्या सुमाराला बारीक काळं दिसायला लागलं, आणि आई सकाळी माझ्या डोक्याकडे जरा कमी वेळ बघू लागली. एकदा म्हणाली, ‘वरीस झाला काय रे?’ मी हो म्हटलं. तेव्हापासून फोडणी चालू झाली.

आणि एका सकाळी मी चहा घेऊन गेलो. बाहेर पाऊस धरून राहिला होता, होड्या सगळ्या वर ओढलेल्या, खाडी गप्प. आईने पदर सारखा केला. ‘ते आले नाय अजून,’ ती म्हणाली, ‘वारा लय हाय.’

बाबा परत दर्यावर गेले होते. मला इतकं सुटल्यासारखं झालं की चहा सांडला. ती दचकून माझ्याकडे बघायला लागली, आणि पदर डोक्यावर घेत म्हणाली, ‘असू दे, असू दे. तुमी कशाला तरास घेताव.’

गणपतीपर्यंत केस चांगले दाट झाले. भांग पडायला लागला. भाऊ मुंबईहून आला तो बघतच राहिला, भावजय म्हणाली दहा वर्षांनी लहान दिसता. दुकानात गिऱ्हाइकं आरशात स्वतःऐवजी माझ्याकडे बघू लागली. मी कंगवा विकत घेतला. वरच्या खिशात ठेवतो. चारचौघांत केसांतून हात फिरवायची जी एक ऐट असते, ती मी शिकलो. खोटं कशाला बोलू, आवडतं मला. आरशातला माणूस बरा दिसतो. पण संध्याकाळी घरी येऊन मी ज्या बाईसमोर बसतो, तिला हा केसाळ गृहस्थ कोण ते ठाऊक नाही. तिच्या विनूला केस नव्हते.

गेल्या आठवड्यात मोहराचा वास आला आणि मी दुकान लवकर बंद करून न्हाव्याकडे गेलो. का गेलो ते मला पक्कं ठाऊक होतं. खुर्चीत बसलो. त्याने कापड बांधलं, कैची वाजवली, ‘काय करू शेट?’ सगळे काढ, एवढं म्हणायचं होतं. एकदा रुजले की हवे तेवढे कापा, येतात पुन्हा, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे माझं काही जाणार नव्हतं. मला माझं नाव मिळालं असतं, पाठीवर हात मिळाला असता. आणि तिला पहाटे उठून, पदर सारखा करून, माझ्या डोक्याकडे बघावं लागलं असतं.

न्हावी थांबला होता. मी म्हटलं, ‘कानावरचे जरा बारीक कर.’

घरी आलो तेव्हा वहिनी निघतच होत्या. आई पडवीत होती. मी नेहमीच्या खांबाला टेकून बसलो. तिने माझ्याकडे नीट बघितलं, अगदी आपुलकीने, एसटीत शेजारी बसलेल्या भल्या माणसाकडे बघावं तसं.

‘तुमी रोज हितं येताव,’ ती म्हणाली. ‘घरात कोनी नाय काय तुमच्या?’

‘आहे की.’

‘आई हाय?’

‘आहे.’

‘मग अवो, हितं काय बसलाव?’ ती कळवळून म्हणाली. ‘जावा घरी. ती वाट बगत आसल.’

मी उठलो. तिच्यासमोरून अंगणात उतरलो, बेड्याचं फाटक ढकलून बाहेर पडलो, गडग्याच्या कडेने वळसा घालून मागीलदारी आलो. तोवर ती आत येऊन चुलीजवळच्या पाटावर बसली होती. काळोख दाटला होता, तिची नुसती आकृती दिसत होती, तिला माझीही तेवढीच. मी उंबऱ्यात थांबलो आणि म्हटलं, ‘आई, आलो गं.’

‘आलास, विनू?’ ती म्हणाली. ‘बस. आताच एक मानूस येऊन गेला. बरा व्हता बिचारा. त्याला आईकडं धाडला.’

दिवेलागण होऊन गेली होती. मी दिवा लावला नाही.